मुकं दुखणं

डॉ. रझिया मॅडम बाळाला सुई टोचताना त्याच्या रडण्याकडे लक्ष देत नसत, कपाळाकडे देत. "जो थक गया वो रोएगा कैसे? आठी बघ, मुठी बघ," असं मला सांगत. औरंगाबादच्या एका रुग्णालयात मी त्यांच्या हाताखाली शिकत होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुखणं कळत नाही, असं मानणारे डॉक्टर तेव्हा बरेच होते. टाचेतून रक्त काढायचं तर पाय धरायचा आणि टोचायचं. मॅडम मात्र उपाय ताडून पाहत. मऊ कापडात गुंडाळलेलं बाळ हातपाय कमी झाडी, पण आठी तशीच राही. जिभेवर साखरपाण्याचा थेंब दिला की तीही सैलावे. आईच्या उघड्या छातीवर काय होतं, हे पाहायचं राहिलं होतं, कारण आयांना बाळांच्या कक्षात प्रवेश नव्हता. "जंतुसंसर्ग झाला तर जबाबदार कोण?" विभागप्रमुख विचारत.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता. बिडकीनकडच्या एका खेड्यात दलित वस्ती जाळली गेली. जीव वाचवून पळताना कांताबाईला कळा सुरू झाल्या आणि ती वेळेआधीच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत, ती दाराबाहेर.

"घर जाळलं त्यांनी. लेकरू तुम्ही लांब ठेवता व्हय?" तिनं मॅडमना विचारलं.

मॅडमनी तिला आंघोळ करायला लावली, कोपरापर्यंत हात धुवून घेतले, स्वच्छ गाऊन दिला आणि आत आणलं. विभागप्रमुख आडवे आले.

"सर, आज फक्त बघा. मग मला काढून टाका."

बाळ कांताबाईच्या छातीवर ठेवलं. जिभेवर साखरपाण्याचा थेंब दिला. मी टोचलं. कपाळावर आठी उमटली आणि लगेच विरली. मूठ वळलीच नाही.

"नाय दुखलं त्याला," कांताबाई हरखून म्हणाली.

"दुखलं असेल, बेटा. पर अकेला नहीं था."

विभागप्रमुखांनी वाकून बाळाचं कपाळ आणि मूठ जवळून पाहिली. मग सिस्टरना म्हणाले, "आणखी गाऊन शिवून घ्या."

कांताबाईचा नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला. अंगावर मांस धरलेलं बाळ घेऊन दोघं तिथल्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

आया आत येऊ लागल्या तरी दारावरची 'नातेवाइकांना प्रवेश बंद' ही पाटी पुढं कित्येक वर्षं तशीच होती. निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी सत्काराची शाल माझ्या हातात दिली, पेचकस मागवला, स्टुलावर चढल्या आणि ती पाटी स्वतः उतरवली.