रवीचा प्रोग्राम आणि नवा कंपायलर

बुद्धभूषण वाघमारे हिमायतनगरच्या एका सर्व्हे ऑफिसात सतरा वर्षं कॉम्प्युटरचं मशीन सांभाळत होता. वडील परभणीहून रेल्वेत लागून काचीगुड्याला आले, तो इथलाच झाला. त्यावरची लिनक्स सिस्टम त्यानंच बसवलेली. त्यात तयार प्रोग्राम घेत नसत. सगळे मूळ कोडवरून त्याच मशीनवर बनवायचे. ते बनवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर.

तो बदलताना बुद्धभूषण कधी घाई करत नसे. नवा जुन्याशेजारी बसवायचा, सगळी सिस्टम नव्यानं बनवायची, शेवटी प्लॉटचं क्षेत्रफळ काढणारा प्रोग्राम बनवून जुन्या मोजण्यांवर चालवायचा. आकडे जुळले तरच जुना कंपायलर काढायचा. क्षेत्रफळाचा तो प्रोग्राम त्याच्या मित्रानं, रवीनं लिहिला होता. रवी कोरोनात गेला.

या मार्चमध्ये सिस्टम नव्यानं बनत असतानाच डिस्क भरली. बॅकअपची डिस्क मालक हिम्मतरावांनी आधीच सीसीटीव्हीला लावून टाकली होती.

"जुना काढा ना मग," हिम्मतराव पाठीशी येऊन उभे राहिले. "नवा आलाय की. दोन-दोन कायकू?"

"साहेब, रवीचा प्रोग्राम अजून बनवून बघितला नाही."

"पार्टी बाहेर बसलीय, बुद्धभूषण."

त्यानं जुना काढला. बोट माझंच होतं, असं तो नंतर बायकोला, माधवीला, कितीदा तरी सांगत राहिला.

बाकी सगळं नीट बनलं. रवीचं काही ढिलं लिहिलेलं जुना कंपायलर चालवून घ्यायचा, नवा घेईना. आधीची तयार प्रत बदललेल्या सिस्टमवर सुरूच होईना. जुना कंपायलर परत बनवायला घेतला, तोही अर्ध्यात अडकला. मग चार दिवस तो रवीचा कोड ओळीओळीनं दुरुस्त करत बसला. एके ठिकाणी रवीनं लिहून ठेवलं होतं, 'भूषण, इथं हात लावू नको.' तिथंही हात लावावा लागला.

प्रोग्राम चालला. पण उप्पलच्या एका जुन्या प्लॉटचे चारशे बारा गज होते, ते आता चारशे नऊ आले.

"तीन गज कोण बघतंय? द्या पाठवून," हिम्मतराव म्हणाले.

"चूक कुठं आहे तेच कळत नाही, साहेब. मी नाही पाठवणार."

"कधी कळेल?"

बुद्धभूषणनं रवीचा कोड पुन्हा पहिल्या ओळीपासून उघडला.

पुढच्याच सोमवारी ऑफिसनं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. मशीन बंद झालं, आणि एक्कावन्नाव्या वर्षी बुद्धभूषण घरी बसला. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. "कॉल करतो सर," म्हणाले, कोणी केला नाही. आता तो नारायणगुड्याच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेतो.

कोडची प्रत त्यानं घरी आणली होती. रविवारी दुपारी ती उघडून तीन गज शोधत बसायचा. सापडले नाहीत. जूनपासून उघडणंही सोडलं. 'सापडले का' हे विचारणं माधवीनं त्याच्याही आधी सोडून दिलं होतं.