न सोडलेला हक्क

रोह्याच्या सुमतीबाई गेल्या, हे त्यांच्या भाच्याने फोनवर कळवले तेव्हा मी दुःखी झालो. परंतु त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे इंटरनेटवरील विज्ञानाचे सारे धडे नाहीसे झालेले पाहिले, तेव्हा मात्र सुन्न झालो. पडद्यावर एवढेच उरले होते : हक्कधारकाच्या तक्रारीवरून काढून टाकले. हक्कधारक! अजूनही तो शब्द मला पचत नाही...

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी खाडीकाठच्या मुलांना उमजेल अशा बोलीत हे धडे स्वतःच चित्रित केले आणि सर्वांना विनामूल्य खुले ठेवले. पेणेत वकिली करणारा मी त्यांना पत्रांमागून पत्रे धाडीत असे : धडा तयार होताक्षणीच कायद्याने त्याचा हक्क तुमचा होतो, तो सोडायचा तर तसे लेखी जाहीर करा. भेटल्यावर त्या हसत. "अहो वकीलसाहेब, मी धरलंच नाय, तर सोडू काय? तुमच्या पेणेत गणपतीचा साचा शेजारच्या कारखान्यात जातो, तेव्हा स्टॅम्पपेपर करता का?"

"साचा परत येतो, बाई!"

"मग माझे धडे कुठे पळून चाललेत?"

पळाले. बाईंमागे हक्क भाच्याकडे आला आणि त्याने तो एका खासगी क्लासला लिहून दिला. मी रोह्याला जाऊन त्याला जाब विचारला. "काका, आत्याचं नाव मोठं होईल म्हणाले. फुकटचे बंद करतील, हे मला काय ठाऊक?" त्याने करार पुढे केला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. बोट ठेवायला कुठेही जागा नव्हती, आणि माझा संताप नेमका त्याचाच होता.

परवा धरमतरकडची, मिठागरात काम करणारी वनिता घरी आली. तिच्या मुलीने काही धडे फोनमध्ये उतरवून ठेवले होते. "काका, गावातल्या पोरींना पाठवू? गुन्हा हाय का?"

"व्हय," मी म्हणालो. कायद्याविषयी मी खोटे सांगत नाही. तिने फोन पदराआड घेतला. "थांब गो. आधी मला पाठव. नोटीस आली तर माझा पत्ता दे."

धडे माझ्या फोनवर नीट आले ना, याची खात्री करण्यासाठी तिने एक धडा लावला. "पाणी उडून गेलं, मग मीठ का नाय उडालं?" बाईंनी विचारले, आणि वर्गात थांबत तशा त्या थांबल्या... उत्तराची वाट पाहत.