चुकलं माकड

ताई कपडे दुरुस्त करायची. दुसऱ्याने शिवलेल्यातली चूक शोधून ती नीट करायची, हा तिचा धंदा होता आणि स्वभावही. समोरचा जीव तोडून बोलत असला तरी हिची नजर त्याच्या कॉलरवर. धाकटा भाऊ म्हणायचा, हिला स्वर्गात घेतलं तर देवाचीही बाही उसवायला काढेल.

हा भाऊ म्हणजे घरातलं माकड. लहानपणी कपाटावर, खिडकीत, शेजाऱ्यांच्या भिंतीवर, जिथे बसू नये तिथे चढून बसायचा, म्हणून वडिलांनीच ते नाव ठेवलं. पुढे त्याने इमारती रंगवायचं काम धरलं आणि नाव सार्थ केलं.

वडील भाविक, पण राग कायम नाकावर. रोज दिवेलागणीला सगळ्यांनी हात जोडून बसायचं, ते सांगणार, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. मिसरूड फुटल्यावर एकदा माकड म्हणाला, "मला नाही पटत हे. मी बसणार नाही."

"मग या घरातही बसू नकोस," वडील म्हणाले. एक घाव, दोन तुकडे.

तो दुसऱ्या शहरात निघून गेला. वडील वारले तेव्हा आला, गर्दीत मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परतला. वडिलांनी मध्ये कधी त्याचा विषय काढला नव्हता. राग मनात धरूनच ते गेले, हे ताईला फार लागून राहिलं होतं.

आता आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तिने दोघांनाही फोनवर एकच सांगितलं, आदल्या संध्याकाळी माझ्याजवळ बसा. माकड आला. केस पिकलेले, नखांत पांढरा रंग. प्रार्थनेवरून पुन्हा वाजलं तर आई तेच मनात घेऊन ऑपरेशनला जाणार, या धास्तीने ताईचा जीव टांगणीला लागला होता.

आई खुर्चीत बसली, ताई पलंगाच्या कडेला, आणि तो खाली, भिंतीला टेकून. आईने सुरुवात केली. त्याने हात जोडले नाहीत, पण उठूनही गेला नाही. शेवटची ओळ आली आणि तोही हळूच म्हणाला, "आमचं चुकलं माकड पदरात घे."

ताईच्या जिभेला हाड नाही. "माकड नाही रे, चुकलंमाकलं. आमचं चुकलंमाकलं पदरात घे."

त्याने डोळे उघडले. "मला वाटायचं, माझ्यासाठीच म्हणता. चुकलं वासरू म्हणतात ना, तसं." थोडा वेळ तो नखं खरवडत बसला. "तिकडे परांचीवर असलो आणि संध्याकाळ झाली, की वाटायचं, आत्ता घरी माझं नाव निघालं असेल. देव नाही मानला मी. पण एवढं मानत होतो." त्याने हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे कुणी काढतच नव्हतं."

ताईला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"शब्द ताई म्हणते तोच आहे," आई म्हणाली. "पण तू गेल्यापासून तुझे बाबा माकडच म्हणायचे. लहानपणी तू म्हणायचास ते त्यांनी ऐकलं होतं. मला म्हणाले होते, त्याला दुरुस्त करू नकोस."

ताई बघतच राहिली. तिने ते ऐकलं होतं, कितीदा तरी. तिला वाटलं, कवळी सैल झालीय, म्हणून शब्द बोबडा येतोय. दातांच्या डॉक्टरकडे ओढत नेऊन तिने वडिलांना नवी कवळी बसवून आणली. नव्या कवळीतूनही माकडच. मग तिने त्या डॉक्टरला सगळीकडे नावं ठेवली. बिचारा डॉक्टर.

"शेवटपर्यंत म्हणायचे?" माकडाने विचारलं.

"आवाज गेला तरी ओठ हलायचे."

"मग एकदा बोलवायचं ना मला."

"माणसाशी बोलायला कुठे जमायचं रे त्यांना. देवालाच सांगायचे."

माकडाने आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि तो रडला. आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. ताईचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं वडिलांना रागीट समजत आलो, याचं तिला वाईट वाटलं आणि हसूही आलं.

"ताई," तो नाक पुसत म्हणाला, "बाबा कसं म्हणायचे, म्हणून दाखव ना."

तिने म्हणून दाखवलं, सैल कवळीसकट.