पाण्याचा नवस

मी बर्फाच्या समुद्रात पर्यटकांची बोट चालवतो, हे आमच्या गावाला अजून धड पटलेलं नाही. गाव सेनगाव तालुक्यातलं, धरणाच्या फुगवट्याला चिकटलेलं. बाप मासे धरायचा, आता थोरला भाऊ धरतो. मी मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेलो, परीक्षा देत देत वर चढलो, आणि गेली काही वर्षं नॉर्वेच्याही वर, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तिथे एका छोट्या बोटीचा कप्तान आहे. लोक हिमनद्या बघायला येतात, मी दाखवतो. एवढं सगळं सांगून झालं की हॉटेलात चहा पिणारा एखादा विचारतो, "मंग तिकडं बर्फगोळा फुकटच भेटत असंल की?" सगळे हसतात. मला पूर्वी राग यायचा. आताही येतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

फोटोत बर्फ फार गरीब दिसतो. पांढरा, निळा, गप्प. प्रत्यक्षात तो मारका आहे. हिमनदी समुद्राला भिडते तिथे बर्फाचा कडा उभा असतो, आमच्या धरणाच्या भिंतीपेक्षा उंच. तो दिवसभर कण्हतो. मग एकदम सुरुंग उडाल्यासारखा आवाज होतो आणि घराएवढा तुकडा सुटून पाण्यात कोसळतो. कोसळतो ते काहीच नाही. त्याच्यामागून लाट येते आणि लाटेत बर्फाचे धोंडे असतात. ते बोटीच्या अंगावर आदळले की उभ्या माणसाचे गुडघे जागच्या जागी मोडतात, चहाचे कप भिंतीवर फुटतात, आणि इतका वेळ हसणारी माणसं एकमेकांचे कपडे धरून ओरडायला लागतात.

म्हणून कड्यापासून लांब राहायचं. पण एवढ्या लांबून आलेली माणसं लांबून बघायला आलेली नसतात. अजून थोडं जवळ, अजून थोडं जवळ. मी नाही म्हणतो. ते चिडतात. एकाने मला तोंडावर भित्रा म्हटलं. मी म्हटलं, हो, आहे, आता खाली बसा. मला पगार मिळतो तो बहुतेक या नाही म्हणण्याचाच, असं माझं मत आहे. तिकडे माझ्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या असतात, त्यामुळे कुरकुरत का होईना, लोक ऐकतात.

गेल्या हंगामाच्या शेवटी माझा खलाशी पाण्यात पडला. फिलिपाइन्सचा, अंगाने दणकट, गाणी म्हणत दोर गुंडाळणारा. आम्ही नियमाप्रमाणे लांबच होतो. पण त्या दिवशी कडा वरून कोसळला नाही, खालून फुटला. पाण्याखालचा बर्फ उसळून वर आला तो हाकेच्या अंतरावर, आणि बोट अशी कलंडली की पोरगा कठड्यावरून सरळ पलीकडे गेला.

लाइफ जॅकेट होतं, म्हणून बुडाला नाही. पण ते पाणी माणसाला बुडवायच्या आधीच मारतं. पडल्या पडल्या त्याने जो श्वास ओढला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी दोर फेकला. दोर बरोबर त्याच्या हातावर पडला. त्याने दोराकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि त्याची बोटं मिटेनात. मी सुकाणू सहायकाच्या हाती दिलं आणि लांब आकडी घेऊन त्याच्या जॅकेटला अडकवायला वाकलो. तेवढ्यात लाट आली. आकडी त्याचा गाल फाडत खाली घसरली आणि जॅकेटच्या गळ्यात अडकली. मी सोडली नाही. तसाच ओढला, केस धरले, मान धरली आणि डेकवर आपटला. रक्त, खारं पाणी, उलटी. जरा श्वास आला तसा तो मलाच मारायला लागला, आणि मारता मारता परत कठड्याकडे सरकायला लागला. मी त्याला दोन ठेवून दिल्या आणि त्याच्या छातीवर बसून राहिलो. बायका रडत होत्या. एक जण फोटो काढत होता, त्याचा कॅमेरा मी लाथेने उडवला.

खलाशी जगला. गालावर व्रण राहिला. असा मी हंगाम संपवून घरी आलो.

घरी माय माझ्याआधीच तयारीला लागली होती. मी दरवर्षी निघालो की ती नवस बोलते. फुगवट्याच्या पलीकडे टेकडीवर एका पिराचा दर्गा आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं, दर्गा उंचावर म्हणून राहिला. उरसाला सगळे जातात, हिंदू, बौद्ध, मुसलमान. जीपचा रस्ताही आहे, मोठा वळसा घालून. पण आमच्याकडे रीत अशी, की पाण्यावर गेलेल्या माणसाचा नवस पाण्यावरूनच फेडायचा. रस्त्याने नेलेली चादर बाबा घेत नाही. म्हणून माझी माय दरवर्षी दादाच्या नावेत बसून पलीकडे जाते आणि मी जिवंत परत आल्याबद्दल हिरवी चादर आणि मलिदा चढवून येते. आजवर उरूस माझ्या हंगामात यायचा. ती मी पोहोचेपर्यंत थांबून, गर्दी नसताना मागून जायची. या वर्षी उरूस माझ्या सुट्टीत आला. माय म्हणाली, या खेपेला बाबाच्या दिवशीच फेडते.

उरसाच्या आधी मी दादाच्या नावेला बाहेरून चारी अंगांनी एक पांढरी रेघ मारली. दादाला म्हटलं, ही रेघ पाण्यात गेली की माणूस घेणं बंद.

"आता नावंला बी शाळा शिकवून राहिला का?" दादा हसला. पण रेघ पुसली नाही.

संदलच्या दिवशी, म्हणजे बाबाला चंदनाचा लेप चढवतात त्या दिवशी, दुपारी काठावर ही गर्दी. दुसऱ्या एकाची नाव येणार होती, ती आली नाही, म्हणून सगळे दादाच्या नावेवर तुटून पडले. बाभळीखाली भाताची देग चढली होती, बाजूला एक जण कुऱ्हाडीने लाकडं फोडत होता. वारा सुटला होता. मी खाली वाकून बघत होतो. रेघ पाण्याला टेकली. मग दिसेनाशी झाली. तरी एक अख्खं कुटुंब चढलं, वर त्यांचं बकरं. नावेचा काठ पाण्यापासून वीतभरही उरला नाही. माय मधोमध बसली होती, डोक्यावर ताट, ताटात चादर आणि मलिदा.

मी म्हटलं, "दादा, बस झालं. अर्धे उतरव, दुसरी खेप मार."

"आज कोनाला न्हाई म्हनू? बाबाचा दिस हाय."

मागून एक जण ओरडला, "कप्तानसाहेब, हे तुमचं बर्फाचं पानी न्हाई. आमच्या म्हशी पोहतात ह्यात." परत सगळे हसले. त्या पाण्याच्या मध्यभागी जुनं गाव आहे, विहिरींसकट. माझ्या बापाची काठी तिथे कधी तळाला लागली नाही. आणि नावेत बसलेल्यांपैकी निम्म्यांना, मायसकट, पोहता येत नव्हतं.

मी ओरडलो. हात जोडले. शिव्या दिल्या. कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी मायला म्हटलं, "माय, तू तर उतर."

"तुजाच नवस हाय," ती म्हणाली, "अन् तूच आडवा येऊन राहिला? सोड नाव."

दादाने वल्हं काठाला लावून रेटा दिला. नाव जड हलली, आणि एका बाजूने काठावरून पाणी आत सांडलं, तांब्याभर असेल. ते मी पाहिलं. मला खलाशाची ती न मिटणारी बोटं दिसली. मग काय झालं ते मी नीट ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. लाकडं फोडणाऱ्याच्या हातातली कुऱ्हाड मी हिसकावली, गुडघाभर पाण्यात शिरलो आणि नावेच्या पुढच्या फळीवर घाव घातला. पहिला घाव घसरला. दुसरा बसला. तिसऱ्याला फळी फुटली आणि पाणी आत घुसलं. मी थांबलो नाही. ओरडत होतो आणि मारत होतो. बकरं दोर तोडून उडालं. लोक एकमेकांच्या अंगावरून पाण्यात उड्या टाकायला लागले. मायला कुणाचा तरी धक्का लागला आणि ती तोंडावर पडली. चादर चिखलात गेली, मलिदा पाण्यावर तरंगायला लागला.

मग त्यांनी मला धरलं. पहिली चप्पल कुणाची बसली माहीत नाही. लाथा, बुक्क्या, जळकी लाकडं. कुणीतरी माझं डोकं पाण्यात दाबलं, आणि त्याच कोमट धरणात, ज्यात म्हशी पोहतात, मी गुदमरायला लागलो. वर काढला तेव्हा समोर दादा होता. त्याने वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या पाठीत घातलं. एकदाच. पण सगळ्यांचा मार एकीकडे आणि तो एक घाव एकीकडे. नाव त्याचं पोट होतं, ते मी फोडलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर दोनदा मारलं असतं.

संदल घेऊन जायला पलीकडून दर्ग्याची सेवा करणारे मुजावर चाचा आले होते. म्हातारा माणूस. ते माझ्या अंगावर आडवे पडले. "बस करो," ते ओरडत होते, "बाबा के दिन खून करते क्या!" त्यांच्या अंगावर हात टाकायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून मी वाचलो. डाव्या हाताचं एक बोट मोडलं, एक दात गेला. मुका मार किती, त्याचा हिशोब नाही.

आता खरी गोष्ट अशी, की त्या दुपारी वारा वाढला, पण फार नाही. नाव कदाचित पोहोचलीही असती. दरवर्षी पोहोचतेच, असं गाव म्हणतं, आणि त्यांना खोटं पाडायला माझ्याजवळ काही नाही. बुडालेली नाव सगळ्यांना दिसते. न बुडालेली कुणाला कशी दाखवणार? माझ्यापाशी एक फुटकी नाव होती आणि ती मीच फोडलेली होती. हॉटेलात गेलो की लोक गप्प व्हायचे. बर्फगोळ्याचा विनोद कुणी करेना. मला त्याचीही आठवण यायला लागली, काय सांगू.

दादा माझ्याशी बोलत नव्हता. माय ताट वाढायची आणि पाठ करून बसायची. तिचा राग मला कळत होता. नवस तसाच अंगावर राहिला होता, आणि मी परत त्याच बर्फात जाणार होतो. तिच्या लेखी मी नाव नाही फोडली, माझ्याच आयुष्याला भोक पाडलं.

दादाने भोकावर फळी ठोकली, वर पत्रा मारला, वर डांबर ओतलं. मी मदतीला गेलो तर हातातला हातोडा खाली ठेवून उठून गेला. तो गेल्यावर मी डांबर ढवळत बसलो. परत आला तेव्हा मला हाकललं नाही, एवढंच.

मी निघायच्या थोडं आधी एका सकाळी माय चादर घेऊन अंगणात आली. तीच चादर, धुतलेली. डाग पुरता गेला नव्हता. दादाला म्हणाली, "नाव काढ. आपुन तिघंच."

आम्ही निघालो. दादा वल्ही मारत होता, माझ्याकडे न बघता. पांढरी रेघ पाण्याच्या चांगली वर होती, ती तिघांनाही दिसत होती. जुन्या गावाच्या वर आलो तसं ठिगळ झिरपायला लागलं. मी ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन पाणी उपसायला बसलो. मोडलेलं बोट नीट वाकत नव्हतं, पातेलं दोनदा सुटलं. माय बघत होती. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून बसली होती.

"काहून रे," ती म्हणाली, "तिकडं तू सगळ्यायला न्हाई म्हनतो. तुला न्हाई म्हननारं कोन हाय तिकडं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. कप्तान मीच."

तिने चादर छातीशी धरली. "मंग तूच चुकलास, तर तुज्यासाठी कुऱ्हाड घेऊन पान्यात कोन उतरंल?"

दादाचं वल्हं थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो सरळ माझ्याकडे बघत होता. "पानी काढ, पानी," दादा म्हणाला, आणि मी पातेलं घेऊन खाली वाकलो, रडताना तोंड दिसू नये म्हणून.