भरपाईच्या कागदावरचं नाव

त्र्याण्णव साली मुंबईत बॉम्ब फुटले त्यात हे गेले. तिथल्या एका ऑफिसात शिपाई होते. सरकारने भरपाई जाहीर केली, तेव्हा वारसाच्या चौकशीसाठी मी आणि सासूबाई अंबरनाथहून उल्हासनगरच्या तहसील कचेरीत गेलो. मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही, म्हणून मी सासूबाईंच्या मागे उभी राहिले.

कारकुनाने कागद ताडून बघितले. म्हणाला, "रेशनकार्डावर बायकोचं नाव एक, ऑफिसात लिहून दिलेलं दुसरंच. दोन बायका होत्या का?"

लग्नात सासूबाईंनी माझं नाव बदललं होतं. ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ते लिहिलंही. पण ते ह्यांच्या तोंडी कधी बसलं नाही. दोघंच असलो की माहेरच्या नावाने हाक मारायचे, तीही हळूच, आई ऐकेल म्हणून. ऑफिसात वारस म्हणून तेच नाव देऊन आले होते, हे मला त्या टेबलापाशी कळलं. एवढ्या दुःखातही आतून बरं वाटलं. मग भीती वाटली. नाव जुळलं नाही तर मला काहीच मिळणार नव्हतं, आणि पदरात लहान मुलगी होती.

"आजी, तुम्ही आई ना? तुमच्या एकटीच्या नावाने करू. लवकर होईल," कारकून म्हणाला.

"का? ही काय मेलीय? ही बघ उभी आहे."

"अहो, पण नावं दोन आहेत."

"एक मी ठेवलेलं. त्याला नाही आवडलं. चुलीपाशी हिला जुन्याच नावाने हाका मारायचा. एवढंसं घर आमचं, मला काय कान नाहीत? दोन्ही हीच. लिही बाबा तसं, मी अंगठा देते."

बाजूच्या टेबलावरचे साहेब हसले. मी पदर पुढे ओढला.

रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हाक मारायचा थांबला असता," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघत बसल्या.

काही महिन्यांनी चेक आला. दोन्ही नावं होती, मध्ये उर्फ. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. "ह्यात त्याचं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं. माझ्या नावापुढे ह्यांचं नाव होतं, तिथे मी बोट ठेवलं. त्या बराच वेळ तेवढ्याच अक्षरांकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "पोरीसाठी बँकेत टाक, बाय. मला नको त्यातलं."