चार बोटं जागा

मिस्त्रींना सगळे ‘चारबोटे’ म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांच्या भागातली माती काळी, चिकट. पावसात फुगायची, उन्हात भेगाळायची. साध्या पायाची कितीतरी घरं तिनं उचलून वाकडी केली होती. म्हणून मिस्त्री खोल भोकं पाडून काँक्रीटचे खांब उतरवत, तळाशी कांद्यासारखे फुगवलेले, आणि त्या खांबांवर तुळई टाकत. तुळई आणि माती यांच्यामध्ये मात्र चार बोटं जागा मोकळी सोडत. काम उरकलं की स्वतः पालथे पडून त्या जागेतून हात फिरवत. खडा जरी अडकलेला सापडला तरी गवंड्याची खैर नसे. “मातीला फुगायला जागा ठेवली नाही, तर ती तुमच्या घरात जागा करून घेते,” हे त्यांचं वाक्य. गवंडी पाठीमागे त्याची हुबेहूब नक्कल करत.

त्यांचं स्वतःचं घरही असंच बांधलेलं. चोवीस वर्षांत भिंतीला केसाएवढी चीर नव्हती.

मग साखरेच्या आजारानं बायकोचे पाय बधिर केले आणि ती मागच्या खोलीत खाटेला खिळली. त्या मोकळ्या जागेतून उंदीर शिरत, फरशीखालची भर पोखरून कोपऱ्यातून वर येत. मिस्त्रींनी जाळी लावली, पत्रा ठोकला, सापळे मांडले. उंदीर सगळ्याला पुरून उरले. एका सकाळी चादरीवर रक्त दिसलं. उंदरानं पायाचा अंगठा कुरतडला होता आणि तिला कळलंही नव्हतं. तेव्हापासून तिची झोप उडाली. टक्क डोळ्यांनी पायांकडे बघत बसायची.

“अहो, बुजवून टाका ना ती जागा,” ती एकदाच म्हणाली.

उन्हाळा होता. पावसाआधी काढून टाकू, असं मनाशी ठरवून मिस्त्रींनी मागच्या तुळईखाली दगड कोंबले, सिमेंट भरलं. त्या रात्री ती चक्क घोरली.

पावसाळा तोंडावर आला तसे ते छिन्नी-हातोडा घेऊन मागे गेले. पहिलाच ठोका आत ऐकू गेला. ते डोकावायला आले तर तिनं दोन्ही हातांनी आपले पाय पोटाशी ओढून घेतले होते. मिस्त्रींनी छिन्नी खाटेखाली सरकवली, ती तिथेच राहिली.

माती फुगली. दार चौकटीत अडकू लागलं, मग भिंतीत तिरपी चीर गेली. रविवारी आलेल्या लेकीनं बापाला सुनावलं, की दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर बाबा, तुम्ही त्याला दारात उभं केलं नसतंत. मिस्त्री पाणी आणायला उठले.

“बोट जातं का हो आत?” बायकोनं भिंतीकडे बघत विचारलं.

मिस्त्रींनी बोट लावून पाहिलं. नखापर्यंत गेलं.

“नाही जात. गिलावाच तडकलाय.”

चाळीस वर्षं मिस्त्रीशी संसार केलेली बाई ती. त्यांच्या हाताकडे बघत म्हणाली, “मग राहू द्या.”

थंडी सरता सरता ती गेली. तेरा दिवसांनी मिस्त्रींनी छिन्नी काढली, सगळी भर फोडली, पालथे पडून हात फिरवला. जागा पुन्हा चार बोटं मोकळी झाली. उन्हात माती खाली बसली. उचललेली भिंत काही बसली नाही. ते दार अजून खांदा लावूनच उघडावं लागतं.

लोक अजूनही त्यांना काम तपासायला नेतात. ते पालथे पडतात, हात फिरवतात. खडा सापडला तर आपणच काढून खिशात टाकतात. गवंड्याला काही बोलत नाहीत.