बाबांसाठी घ्यायची गाडी

माझ्या नवऱ्याने नवी गाडी घ्यायचं ठरवलं ते माझ्या बाबांसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणाचा त्यावर विश्वास बसणार नाही. बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीला येणार होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. तिकीट काढायच्या आधीच त्यांनी फोनवर बजावलं होतं, "मला न्यूयॉर्क-बियॉर्क काही दाखवू नका. मला फक्त ताईकडे न्या."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. ती क्लीव्हलंडला डॉक्टर मुलाकडे राहते. आई गेली तेव्हा आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिला भारतात जाता आलं नाही, आणि ते तिला फार लागलं होतं. भावंडं रोज फोनवर बोलायची, पण "फोनवर नीट रडता येत नाही," असं बाबा मला एकदा म्हणाले होते. आमच्या घरापासून क्लीव्हलंड म्हणजे एकच हायवे, सरळ पश्चिमेला, दिवसभराचा रस्ता. विमानाने जायला बाबांचा ठाम नकार होता. येताना विमानतळावर बूट काढा, पट्टा काढा, हात वर करा, हे एकदा केलं तेवढं पुरे, परत जाताना एकदा करीन, मध्ये नाही.

आमची जुनी एसयूव्ही लेक बालवाडीत असताना घेतलेली. चालते छान, फक्त चढावर जरा कण्हते. नवऱ्याचं म्हणणं, "पेनसिल्व्हानियाचे डोंगर, आणि बाबांना या खटाऱ्यातून न्यायचं? नो वे. नवीनच घेऊ. आई-बाबा लोक येतात तेव्हा सात सीटर लागतेच." मला भरून आलं. इतका चांगला जावई मिळाला म्हणून मी मैत्रिणीला कौतुकाने फोनसुद्धा केला. तो फोन मला आता परत घ्यावासा वाटतो.

कारण मग प्रश्न आला, कुठली? पूर्ण इलेक्ट्रिक, म्हणजे पेट्रोलचा संबंधच संपला. की प्लग-इन हायब्रिड, म्हणजे रोजचं ऑफिस, भाजी, लेकीचा क्लास बॅटरीवर, आणि लांब जायचं झालं तर टाकीत पेट्रोल आहेच. कोणाही शहाण्या माणसाला एका शनिवारी सुटावा असा हा प्रश्न. पण माझा नवरा इंजिनियर आहे, आणि त्याच्या कॉलेजच्या बॅचचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आमच्या घरात फ्रीजपासून लेकीच्या ब्रेसेसपर्यंत सगळं त्या ग्रुपला विचारून होतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा मित्र म्हणाला, इलेक्ट्रिक घे, डोळे मिटून घे. त्या माणसाला बर्फ म्हणजे सरबतात घालायची वस्तू. प्लेनोच्या मित्राने हायब्रिडची बाजू घेतली आणि थंडीत बॅटरी कशी बसते याचे व्हिडिओ पाठवायला लागला. हा स्वतः टेक्ससमध्ये राहतो.

नवरा आठवडाभर इलेक्ट्रिकवाला असायचा. मी "बरं, इलेक्ट्रिक" म्हटलं की त्याला लगेच शंका यायची. गॅरेजमध्ये चार्जर बसवायचा तर सोसायटीच्या बोर्डाची परवानगी हवी, आणि गॅरेजमध्ये तर मराठी मंडळाचं गणपतीचं मखर, समया आणि सतरंज्या ठेवलेल्या. मग तो हायब्रिडवाला व्हायचा. मी "बरं, हायब्रिड" म्हटलं की म्हणायचा, "पण दोन-दोन मशिनरी मेंटेन कोण करणार यार?" माझं मत त्याला हवंच असायचं, ते खोडायला. लेक वरच्या मजल्यावरून ओरडायची, "डॅड, जस्ट पिक वन!"

आणि प्रत्येक वादात उदाहरण एकच. "समजा आपण बाबांना घेऊन क्लीव्हलंडला निघालो." समजा डोंगरात चार्जर बिघडलेला निघाला. समजा चार्जर चालू आहे पण पुढे चार गाड्यांची रांग आहे. समजा बाबांना भूक लागली आणि तिथे नुसतंच पार्किंग आहे. बाबा एव्हाना आले होते, आणि समोर सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत असत. एकदा ते हळूच म्हणाले, "जावईबापू, मला दर दोन तासांनी उतरावंच लागतं. तेवढ्यात होऊ दे की चार्ज." मला वाटलं, सुटलं! पण नवरा म्हणाला, "बाबा, तुमचा पॉइंट करेक्ट आहे, पण विंटरचा विचार करावा लागेल." तेव्हा जून चालू होता.

दर शनिवारी टेस्ट ड्राइव्ह. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सीटवर बसायचे, गुडघे पुरतात का बघायचे, दार लावून बघायचे आणि विचारलं की "छान आहे" म्हणायचे. सगळ्याच छान होत्या. त्या उन्हाळ्यात बाबांनी क्लीव्हलंड सोडून उत्तर न्यू जर्सीतली सगळी शोरूम्स बघितली. एका ठिकाणची बाई तर त्यांना नावानिशी ओळखायला लागली आणि न विचारता चहा आणून द्यायची.

मी म्हटलं, भाड्याने गाडी घे. "घ्यायचीच आहे तर भाडं कशाला घालवायचं?" मी म्हटलं, जुनी गाडी मी चालवते, मी नेते. तर त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी बाबांना न्यायला नाही म्हणतोय का? त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं." आवाज चढले. आणि बाबाच मध्ये पडले. "अगं, भांडू नका. जाऊ सावकाश. मला कुठे घाई आहे?" बाबांच्या पिढीला एक गोष्ट मुळातच शिकवलेली, लेकीच्या घरी राहायचं ते पाहुण्यासारखं, आणि जावयाकडे काही मागायचं नाही. ते माझ्याकडे हट्ट करतील, पण त्याच्यासमोर एक अक्षर काढणार नाहीत. मला नवऱ्याचा जितका राग येत होता तितकाच बाबांच्या या शहाणपणाचा येत होता. घाई नाही कशी? आत्या ऐंशीला टेकली होती, आणि बाबांचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत होता.

सप्टेंबरात चमत्कार झाला. इलेक्ट्रिकवर सरकारची जी करसवलत होती ती महिनाअखेर बंद होणार अशी बातमी आली, आणि त्या धाकाने नवऱ्याने इलेक्ट्रिक पक्की केली. पांढरी. बोर्डाचीही परवानगी आली. मी मखर हलवायला माणसंसुद्धा गोळा केली. आणि पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. "पितृपक्षात गाडी? अरे, दसरा तोंडावर आलाय. एवढे महिने थांबलात, आता थोडक्यासाठी कशाला?"

मी वाट बघत होते की हा नाही म्हणेल. एरवी तो घरात साधी उदबत्ती लावत नाही. तर हा मला म्हणतो, "आईच्या मनाला लागेल गं." शोरूममध्ये फोन केला तर सेल्समन हसून म्हणाला, आमची सगळी इंडियन गिऱ्हाइकं दसऱ्यालाच डिलिव्हरी घेतात. पितृपक्ष संपला, घट बसले. मी म्हटलं, आता तरी? "आता थांबलोच आहोत तर दसऱ्यालाच घेऊ ना." सवलत महिनाअखेर संपत होती, हे बॅचमधल्या सगळ्या इंजिनियरांना माहीत होतं. मुहूर्ताच्या तारखा आणि सरकारच्या तारखा शेजारी ठेवून मात्र एकानेही बघितल्या नाहीत. दसऱ्याच्या सकाळी शोरूममधल्या बाईने सवलत गेल्याचं सांगितलं, आणि नवरा रिकाम्या हाताने घरी आला. जेवायला श्रीखंड होतं. पहिला घास घ्यायच्या आधी तो म्हणाला, "आता सवलतच नाही म्हटल्यावर हायब्रिडचा पुन्हा पहिल्यापासून विचार करायला हवा."

मी पानावरून उठले. आयुष्यात इतकी चिडले नव्हते. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच स्वच्छ भांडी घासत राहिले. थोड्या वेळाने बाबा आले आणि शेजारी उभे राहून एकेक भांडं पुसायला लागले. परतीची त्यांची बॅग अर्धी भरून झाली होती.

पुढच्या आठवड्यात दुपारी आत्याचा फोन आला. मागे कसला तरी घरघर आवाज. "अगं, मी बसमध्ये आहे," ती म्हणाली. "पोराने सकाळी बसवून दिलं. त्याला हॉस्पिटलातून सुट्टी मिळेना, आणि आमच्या बंधुराजांचं तर विमान जवळ आलं. संध्याकाळी न्यूअर्कला पोचते म्हणे. तुम्हाला जमेल ना यायला?" मी बाबांकडे फोन दिला. ते नुसतं "हं, हं" करत राहिले.

संध्याकाळी आम्ही जुन्याच गाडीतून अर्ध्या तासावरच्या न्यूअर्कच्या बसस्टँडवर गेलो. आत्या सगळ्यांत शेवटी उतरली, एका हातात काठी, एका हातात बॅग. बाबा पुढे झाले आणि दोघं तिथेच, लोकांच्या वाटेत, एकमेकांना धरून रडायला लागली. लोक त्यांना वळसा घालून जात होते. त्या दोघांना भान नव्हतं. मीही रडत होते.

नवऱ्याचेही डोळे भरले होते, हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने वाकून आत्याला नमस्कार केला, तिची बॅग घेतली आणि म्हणाला, "आत्या, या वयात एवढ्या लांब एकट्या कशाला आलात? मी घेऊन आलो असतो ना बाबांना तुमच्याकडे."

"कशातून?" आत्याने विचारलं.

टोमणा नव्हता तो. इतके महिने ती फोनवर ऐकत आली होती, शेवटी कुठली गाडी ठरली एवढंच तिला कळायला हवं होतं. ती काठीवर रेलून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.